नाताळला द्यायला पर्यावरणपूरक आणि इथेच बनलेल्या भेटवस्तू: काय, कुठे, काय बघून घ्यायच्या?

पाणवठा | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नाताळ महिन्यावर आला. आमचं घर वसईत, आगाशीच्या बाजूला. यंदा घरात ठरलंय की भेटी द्यायच्या त्या शक्यतो पालघर जिल्ह्यातल्या, फार तर कोकण-गोव्यातल्या माणसांनी हाताने केलेल्या, आणि जानेवारीत कचऱ्याच्या गाडीत जाणार नाहीत अशा. ठरवायला काय जातंय! बाजारात गेल्यावर कळलं की हिरव्या अक्षरांत 'इको' लिहिलेला निम्मा माल कुठून आलाय ते दुकानदारालाच ठाऊक नाही, आणि तो बसलाय प्लॅस्टिकच्या खिडकीच्या खोक्यात.

यादी अशी आहे. धर्मकन्या, वय वर्षे तीन, हातात येईल ते तोंडात. सासूबाई, ज्या विचारलं की "मला काही नको गं" म्हणतात. आठ शेजारघरं, त्यात सगळ्या धर्मांची. नवऱ्याच्या ऑफिसातलं सीक्रेट सांता, मर्यादा ३०० रुपये. आणि दुबईचा दीर, जो येताना बॅग भरून आणतो आणि जाताना तीच रिकामी बॅग उघडून उभा राहतो. शिवाय आमच्या चर्चच्या तरुण मुलांना येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्यात थर्माकोलऐवजी काय वापरावं तेही विचारायचं आहे.

प्लॅस्टिकने समुद्राचं काय झालंय ते अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर रोज दिसतं, त्यावर प्रवचन नको. वस्तू सांगा.

---

तिरकस | २१ नोव्हेंबर, रात्री १०:४०

सर्वात पर्यावरणपूरक भेट म्हणजे न दिलेली भेट. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे, कागदी पुडीत.

---

जुनीपेटी | २१ नोव्हेंबर, रात्री ११:०५

आगाशीला राहून भेट काय द्यावी विचारतेस? अगं, सुकेळी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राजेळी केळी नीट पिकू द्यायची, सोलायची आणि उन्हात वाळत घालायची. चांगलं कडक ऊन असेल तर आठवडाभराचं काम. संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी परत बाहेर. साखर नाही, तेल नाही, रंग नाही. केळ्याची स्वतःचीच गोडी दाटून येते आणि रंग तांबूस होतो. मग केळीच्याच वाळक्या पानांत घट्ट बांधून पुडी करायची. म्हणजे तुझा पॅकिंगचा प्रश्नही त्या झाडानेच सोडवला. पान शेवटी बागेत टाक, खत होईल.

करणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी. राजेळीच्या बागा कमी झाल्या, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या बरोबर 'हरित वसई'साठी ज्या पिढीने मोर्चे काढले त्या पिढीला विचार, कोणाच्या अंगणात कोणती केळ होती ते अजून सांगतील. सुकेळी घेताना दाबून बघ. मऊ हवी, पण बोटाला ओल लागता कामा नये. वास आंबूस आला तर ठेवून दे. ढगाळ आठवड्यात कोणी 'उन्हातली ताजी' म्हणून विकत असेल तर सरळ विचार, भट्टीत वाळवली का. भट्टीतली वाईट नसते, पण सांगून विकावी.

आणि ती कापडी पिशव्यांवर छापलेली सुविचारांची भेट कृपा करून कोणाला देऊ नकोस. माझ्याकडे एक ट्रंकभर आहेत.

---

काटकोन | २२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

जुनीपेटी, पिशव्यांबद्दल +१००.

मी उलट बाजूने सांगतो, काय घेऊ नये ते. 'बांबूचे मोजे', 'बांबूचा टॉवेल' हे प्रत्यक्षात बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून पुन्हा धागा काढलेला, आणि त्यात वापरलं जाणारं कार्बन डायसल्फाइड कामगारांना घातक. 'ज्यूट बॅग' आतून चकचकीत दिसली तर तिला प्लॅस्टिकचा थर आहे. नारळाच्या करवंटीचा वाडगा आरशासारखा चमकत असेल तर त्यावर कृत्रिम वार्निश आहे, त्यात गरम सार ओतू नका. बियांचा कागद, ज्यातून म्हणे झेंडू उगवतो, तो कुंडीत लावून वाट पाहणारे अनेक जण ओळखीत आहेत. झेंडू पाहिलेला कोणी भेटलेला नाही.

---

सुरंगी | २२ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

तीन वर्षांच्या मुलीसाठी सावंतवाडीची लाकडी खेळणी. माझं माहेर तिथलंच, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

दुकानात एकच प्रश्न विचारायचा: लाखकाम आहे की रंगकाम? लाखकामात लाकूड कातावर, म्हणजे लाकूड फिरवून घडवायच्या यंत्रावर, गरगर फिरत असतं, त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाने लाख तापते, वितळते आणि लाकडावर पातळ थरात बसते. मग केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. उभं राहून बघा एकदा. कारागिराचं लक्ष रंगाकडे कमी आणि आवाजाकडे जास्त असतं. कांडी जास्त दाबली गेली की कातरल्यासारखा आवाज येतो आणि लगेच हात सैल होतो. रंगकाम म्हणजे ब्रशने दिलेला रंग. चितार आळीतली ती प्रसिद्ध लाकडी फळं, आंबा, सीताफळ, केळ्याचा घड, ती रंगवलेली असतात. शोकेसात ठेवा, पाहुणा फसून उचलतो ही गंमत वेगळीच. पण सगळं तोंडात घालणाऱ्या पोरीला ती देऊ नका. तिला लाखेचा खुळखुळा, मोठे मणी ओवलेली गाडी, किंवा भातुकलीतले जरा मोठे नग. सुटा होणारा बारीक भाग नको.

मोठ्या मुलांसाठी गंजिफा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी संचात १२० पत्ते असतात, दर अवताराचे १२. सावंतवाडीच्या राजवाड्यात हे काम अजून चालतं. १९७०च्या दशकात राजघराण्याने, विशेषतः सत्वशीलादेवी भोसल्यांनी, हात दिला नसता तर ही कला गेलीच होती. पूर्ण संच खिशाला जड आहे, पण सुटे नमुने मिळतात.

---

तिरकस | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

सावंतवाडी ते वसई पाचशे किलोमीटर. बबलरॅपमध्ये गुंडाळून, दोन गोदामं फिरून, डिझेल जाळत आलेला खुळखुळा. ह्याला स्थानिक म्हणायचं?

---

सुरंगी | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:३२

कुरिअरने मागवा असं मी कुठे म्हटलं? मुंबई-ठाणे-वसईत सिंधुदुर्गची निम्मी माणसं राहतात. दर आठवड्याला कोणीतरी कोकण रेल्वेने येतंच. खुळखुळा त्याच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत येतो. गाडी तशीही धावणारच आहे.

---

काटकोन | २२ नोव्हेंबर, सकाळी ११:००

खेळण्यांबाबत एक कायदेशीर मुद्दा. १ जानेवारी २०२१पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. सरकारदरबारी नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना मात्र त्यातून सूट आहे. म्हणजे कारागिराच्या खेळण्यावर चिन्ह नसलं म्हणून ते बेकायदा ठरत नाही, आणि त्याचबरोबर ते प्रयोगशाळेतून तपासून आलं असेलच असंही नाही. म्हणून सुरंगी यांचा 'लाख की रंग' हा प्रश्न महत्त्वाचा.

---

ढगफुटी | २२ नोव्हेंबर, दुपारी १:२०

मला एक कळत नाही, नाताळला भेटवस्तू ही आपली पद्धत कधीपासून? ही सगळी मॉलवाल्यांनी आणलेली फॅडं. आता त्याला पर्यावरणाचा मुलामा.

---

जुनीपेटी | २२ नोव्हेंबर, दुपारी २:०५

ढगफुटी, 'आपली' म्हणजे कोणाची ते आधी ठरवा. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली. तेव्हापासून आजवर आमचा नाताळ इथेच, मराठीत आणि सामवेदी बोलीत चाललाय. सांताची टोपी नवी आहे हे कबूल. पण करंज्या, तळलेले फुगे करून ताटं भरून शेजारी पाठवणं माझ्या आजीच्याही आधीचं. दिवाळीला शेजारच्या जोशीकाकूंचं ताट आमच्याकडे यायचं, नाताळला आमचं त्यांच्याकडे. रिकामं भांडं कोणी परत पाठवत नसे, निदान मूठभर साखर तरी घालायची. वेष्टन नाही, चिकटपट्टी नाही, आणि भांडं परत!

पाणवठा, तुझ्या आठ घरांचा प्रश्न मला वाटतं इथेच सुटला. स्टीलचे डबे काढ.

---

नुस्तं_हुमण | २२ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

जुनीपेटीबाय, आमच्या गोव्यात याला कोन्सोआद म्हणतात. नाताळात ताटात दोदोल, नेवऱ्या, कुलकुल, बेबिंक, बाथ असं मांडायचं, वर क्रोशाचं विणलेलं कापड झाकायचं आणि शेजारपाजारी धाडायचं. ज्यांच्या घरी दुखवटा असतो ते त्या वर्षी गोडधोड करत नाहीत, त्यांच्याकडे मुद्दाम पाठवतात.

पण मला दोदोलबद्दल वेगळंच सांगायचं आहे. खरा दोदोल, म्हणजे आमचा नारळाच्या रसातला गुळाचा हलवा, काळा होतो तो माडाच्या गुळाने. तो गूळ येतो सुरेपासून, म्हणजे माडाच्या रसापासून, आणि सुर काढणारा रेंदेर दिवसातून दोन-तीनदा माडावर चढतो. नवी पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत. त्यात काय चूक आहे त्यांची, पडला तर कोण बघणार? म्हणून गूळ मिळेनासा झाला आणि बाजारात उसाचा गूळ काळा करून माडाचा म्हणून विकणारे आले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खेड्यातून आलेल्या बायकांकडून घ्या. तोंडात टाकल्यावर किंचित खारट, धुरकट चव लागते. ती लागली नाही तर ढेप परत ठेवा.

तर भेट म्हणून दोदोल देण्यापेक्षा माडाच्या गुळाची ढेप पानात बांधून द्या, असं माझं मत. दोदोल चार दिवसांत संपतो, गूळ वर्षभर डाळीत, पेजेत, पायसात पडतो. बेबिंकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण दुकानातलं बेबिंक घेताना पुठ्ठ्याच्या आत किती प्लॅस्टिक आहे ते बघा. घरी करणाऱ्या बाईकडे स्वतःचा डबा घेऊन जा. एकेक थर वरून निखारे देऊन भाजायचा, तो भाजला की पुढचा ओतायचा. अर्धा दिवस जातो त्यात, म्हणून भावात घासाघीस करू नका.

---

पाणवठा | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४५

आभार मंडळी, वाखूसा (वाचनखूण साठवली). शेजाऱ्यांना डबे नक्की. सुकेळी थोडी, करंज्या थोड्या. एका काकांना मधुमेह आहे, त्यांना सुकेळी चालणार नाहीत, त्यांच्यासाठी वाडा कोलमचे तांदूळ म्हटलं तर घरातले हसले. मधुमेहाला तांदूळ! सुचवा काहीतरी.

दिरासाठी मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतला, बाटली मसाला ठरवला आहे. आमच्या ओळखीच्या बाई एप्रिल-मेमध्ये भाजून, कांडून बिअरच्या जुन्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. बाटली पुन्हा वापरलेली, मसाला इथलाच. चालेल ना?

---

काटकोन | २२ नोव्हेंबर, रात्री १०:०२

थांबा! त्या मसाल्यात खसखस असते का विचारा. पारंपरिक बाटली मसाल्यात बहुधा असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, ती तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दीर विमानतळावरच अडकतील. बिनखसखशीचा वेगळा कांडून मिळाला तरच पाठवा, नाहीतर दुसरं काही.

---

पाणवठा | २२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

अरे देवा. असते. दोन मुठी असते! तुमचे किती आभार मानू.

---

कामटी | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी बुरूडकाम करणाऱ्या घरातली, वाडा तालुका. धागा वाचत होते, राहवलं नाही.

शेजाऱ्यांना डबे देताय ते उत्तम. पण मधुमेहाच्या काकांना आणि ऑफिसच्या ३०० रुपयांत बांबूची परडी किंवा झाकणाचा करंडा चालेल. पालघर जिल्ह्यात बुरूड आहेत, वारली-कातकरी बायकाही आता चांगलं काम करतात. भालिवलीकडे राख्या आणि आकाशकंदील होतात.

घेताना काय बघायचं ते सांगते, दुकानात कोणी सांगत नाही. बांबू फाडून पात्या काढतात तेव्हा बाहेरच्या हिरव्या सालीकडची पाती चिवट निघते, आतल्या पांढऱ्या गराची ठिसूळ. स्वस्त टोपलीत आतल्या पात्या घुसवतात आणि वरून रंग देतात म्हणजे कळत नाही. टोपली उलटी करा, बुडाशी बघा. तिथे रंग नीट पोचलेला नसतो. हलकेच वाकवून बघा, कडकड आवाज आला तर ठेवून द्या. मग पांढऱ्या कागदावर आपटा. पिवळट पीठ पडलं तर आत भुंगा आहे, महिन्या-दोन महिन्यांत टोपलीची चाळण होते. चांगले कारागीर बांबू बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवून ठेवतात, किंवा नुसत्या वाहत्या पाण्यात मुरवतात, म्हणजे कीड लागत नाही. आणि वार्निश नको म्हणून सांगा. बिनवार्निशचा बांबू वर्षभराने सोनेरी होतो.

आता भावाचं. लोक म्हणतात, प्लॅस्टिकची टोपली ६० रुपयांत मिळते, तुमची २०० ला का? माझी आई दिवसाला दोन चांगल्या परड्या करते. बांबू विकत, तो आणायचा टेम्पो विकत. पात्या ओढताना बोटं चिरतात, कापूस गुंडाळून विणते. ह्यापुढे हिशेब तुम्हीच करा.

आणि शेवटचं. २० डिसेंबरला फोन येतो, "ताई, २४ पर्यंत ५० नग." आम्ही नाही म्हटलं की लोक चिडतात आणि कुठलातरी मशीनचा माल उचलतात. हवं असेल तर आत्ता सांगा, निम्मे पैसे आधी द्या. हाताच्या कामाला घाई चालत नाही.

---

तिरकस | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

कामटी, तुमचा प्रतिसाद आवडला. टोपली उलटी करून बघायची हे आयुष्यात सुचलं नव्हतं.

तरी एक शंका. परडी मिळाल्यावर ऑफिसातला माणूस तिचं करणार काय? एक वर्ष टेबलावर, मग माळ्यावर.

---

कामटी | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

कांदे-लसूण ठेवायचे. वारा लागतो, कोंब येत नाहीत. हवं तर परडीत दोन कांदे घालूनच द्या म्हणजे कळेल.

---

लाइपझिगकर | २३ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

जर्मनीतून. इथल्या ख्रिसमसच्या बाजारांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेच असतील, म्हणून जे फोटोत दिसत नाही ते लिहितो.

माझ्या शहरापासून दक्षिणेला अर्त्सगेबिर्गे नावाचे डोंगर आहेत. तिथे कथलाच्या खाणी होत्या. खाणी बसू लागल्या तसं खाणकामगारांच्या घरांनी लाकूड कातायला सुरुवात केली. झायफेन हे त्यातलं खेळण्यांचं गाव. तिथलं एक काम बघण्यासारखं. लाकडाचं गोल कडं कातावर अशा आकारात कोरतात की नंतर त्याचे केकसारखे काप पाडले की प्रत्येक कापात घोड्याची किंवा गाईची आकृती निघते. कातताना प्राणी दिसतच नाही, कारागिराच्या डोक्यात असतो. सुरंगी, तुमच्या लाखकामाबद्दल वाचून तेच आठवलं. आणि हो, इथल्या बाजारातही त्या नावावर परदेशी स्वस्त बाहुल्या खपतात. झायफेनवाल्यांची तक्रार जुनी आहे.

शिकण्यासारखं म्हटलं तर एक गोष्ट. बाजारात गरम वाइन चिनीमातीच्या मगात देतात, मगाची अनामत घेतात, मग परत दिला की पैसे परत. चर्चच्या आवारात नाताळनंतर चहापान असेल तर कागदी कपांऐवजी असं करून बघा.

काटकोन यांच्या यादीत भर: 'बांबू फायबर'चे कप आणि मुलांच्या ताटल्या. त्यात बांबूची पूड असते आणि तिला बांधणारं मेलामाइन, म्हणजे प्लॅस्टिकच. गरम पदार्थाने मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड सुटतं म्हणून युरोपीय संघाने २०२१ मध्ये असा माल बाजारातून काढायला मोहीम घेतली. तुमच्या धर्मकन्येला ही 'इको' ताटली कोणी दिली तर खाण्यासाठी वापरू नका.

---

डोंगरमाथा | २३ नोव्हेंबर, रात्री ८:१५

नाताळ म्हणजे मेणबत्त्या, आणि त्यावर कोणीच बोललं नाही?

बाजारातली साधी मेणबत्ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलाची. जेलची मेणबत्तीही तीच जात. मधमाश्यांच्या मेणाची महाग असते, पण धूर कमी करते आणि मंद जळते. महाबळेश्वर भागात मध गोळा करणाऱ्यांकडून मेण मिळतं. तिथलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं, साताऱ्याकडे जाणं झालं तर अवश्य जा. हे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे मुंबईच्या उन्हाळ्यात वाकत नाही. खरं मेण ओळखायचं कसं? न पेटवताही मधाचा पुसट वास येतो. काही आठवड्यांनी वर पांढरट साय धरते, लोक तिला बुरशी समजून फेकून देतात. तलम कापडाने पुसली की जाते.

महाग पडतं म्हणून सुचवतो: मोठ्या खांबासारख्या मेणबत्तीऐवजी लहान, जुन्या काचेच्या पेल्यात ओतलेली. मधुमेहाच्या काकांनाही चालेल, म्हणजे लावायला.

---

पाणवठा | २४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

काकांचं काम झालं: परडी आणि मेणबत्ती. ऑफिससाठी परडी, कांद्यांसकट. नवरा आधी लाजला, आता म्हणतोय सर्वांत जास्त हशा यालाच मिळेल. धर्मकन्येचा लाखेचा खुळखुळा सुरंगी यांच्या भाच्याच्या पिशवीतून येतोय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. कामटी, तुम्हालाही व्यनि केला, निम्मे पैसे सकाळी पाठवते.

उरल्या सासूबाई. आणि गव्हाणी.

---

जुनीपेटी | २४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सासूबाईंना वस्तू नकोच असेल तर वस्तू देऊ नकोस. त्यांची पितळेची पातेली काढ, कल्हईवाला शोध आणि कल्हई करून दे. वसईत अजून एखाद-दुसरा फिरतो. नवसागराचा तो धूर आणि कथलाने पांढरं झालेलं बूड बघून त्या खूश होतात का नाही बघ.

दुसरं, जुन्या लुगड्यांची गोधडी. पण विचारल्याशिवाय त्यांच्या लाल लुगड्याला कात्री लावू नकोस. माझ्या एका भाचीने लावली होती. पुढचं सांगत नाही.

---

रेवदंडा_लोकल | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

गव्हाणीबद्दल. सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२पासून देशभर बंद आहे, त्यामुळे तो प्रश्नच नाही, विकणारे लपून विकतात एवढंच.

पेंढा, मातीची ढेकळं, जुन्या विटा, नारळाच्या झावळ्या यातून गोठा छान होतो. शेत दाखवायचं तर पसरट परातीत किंवा करवंट्यांत ओली माती घालून नाचणी किंवा गहू पेरा. १२-१३ डिसेंबरला पेरलं की २४ ला बोटभर हिरवं येतं. एकदम सावलीत ठेवलं तर पिवळं पडतं, थोडं ऊन दाखवा. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर मुळं कुजतात आणि मध्यरात्रीच्या मिसेला वास येतो.

चांदणी घरीच करा. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद आणि खळ. पाच टोकांची चांदणी करायची तर कामट्यांच्या दोन सारख्या चौकटी करून मध्ये आडव्या काड्या ठोकून फुगवटा द्यायचा. आत एलईडीच लावा, साधा बल्ब तापून कागद पेटतो.

झाड म्हणून सुरूची फांदी आणायचा मोह होईल. किनाऱ्यावरची सुरूची बनं वन खात्याची असतात, तोडू नका. वाऱ्याने पडलेल्या डहाळ्या गोळा करा, किंवा कुंडीतलं अरोकेरिया घ्या. ते वर्षानुवर्षे वाढतं, फक्त छतापर्यंत पोचलं की काय करायचं ते आधी ठरवा.

मूर्ती मात्र नव्या घेऊ नका. जुन्यांचा रंग उडाला असेल तर मुलांकडून रंगवून घ्या.

---

सुरंगी | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

वेष्टनाचा विषय कोणी काढला नाही. कागद मुठीत चुरगळून सोडा. चुरगळलेला राहिला तर रद्दीत जातो, परत उलगडला तर त्यात प्लॅस्टिक किंवा चंदेरी थर आहे, रद्दीवाला घेणार नाही. चमकी लावलेली कार्डंही तशीच. कार्ड द्यायचंच तर पुण्याच्या शिवाजीनगरातल्या हातकागद संस्थेचं घ्या, १९४०पासूनची आहे, सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद करतात. नाहीतर जुन्या ओढणीत गाठोडं बांधा. बोचकं बांधायची विद्या आपल्याकडे आहेच, आता तिला जपानी नावाने विकतात एवढंच.

---

तिरकस | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

बोचकं चालेल. पण दिराचं काय झालं? माणूस रिकामी बॅग घेऊन उभा आहे.

---

पाणवठा | २५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

दिराला फोनवर सरळ विचारलं. म्हणाला, "वहिनी, मला घोलवडचे चिकू दे, बाकी काही नको." आता चिकू पिकलेले नेले तर बॅगेत लगदा, कच्चे नेले तर दुबईत पिकतील का?

---

काटकोन | २५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

देठाशी नखाने हलकं खरवडा. खाली हिरवं दिसलं तर कच्चा, उतरवायलाच नको होता. पिवळट-तपकिरी दिसलं तर तोडणीला तयार, तो तीन-चार दिवसांत घरच्या उष्णतेत पिकतो. वरची तपकिरी पूड पुसू नका. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, कॅबिन बॅगेत नको, सामानात टाका. आणि निघण्याआधी त्यांच्या विमान कंपनीला फळांबद्दल एकदा विचारून घ्यायला सांगा.

---

कामटी | १ डिसेंबर, सकाळी ७:०५

इथून ज्यांनी ज्यांनी व्यनि केले त्या सगळ्यांच्या परड्या धरल्या आहेत. त्यापुढे नाताळसाठी नवीन काम घेत नाही, आईच्या हाताला तेवढंच झेपतं. जानेवारीत संक्रांतीच्या वाणासाठी लहान सुपल्या करणार आहोत. ज्यांना हव्यात त्यांनी नाताळच्या आधीच सांगा, २० जानेवारीला नको.